गोळी, लाकडी ठोकळा आणि दोन उत्तरं : अकरावीच्या मेकॅनिक्सची गणितं कशी सोडवायची?

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, माझी लेक यंदा अकरावी सायन्सला आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम. नववीला 'गतीचे नियम' आणि 'कार्य आणि ऊर्जा' हे पहिले दोन धडे तिचे अगदी लाडके होते, संवेग (वस्तुमान गुणिले वेग) अक्षय्यतेचा नियम झोपेत विचारला तरी सांगायची. आता अकरावीत सगळं इंग्रजीत, संवेग म्हणजेच मोमेंटम हे अंगवळणी पडेपर्यंत पहिली चाचणी येऊन गेली. मी स्वतः कॉमर्सची, पण रात्री भांडी आवरली की तिच्याजवळ बसते आणि ती मला शिकवल्यासारखं सांगत जाते, तसं करताना तिचं तिलाच कळतं कुठे अडतंय ते.

काल एका गणितावर दोघी दीड तास अडलो. दोरीला टांगलेला लाकडी ठोकळा, वजन १.९९ किलो. त्यात १० ग्रॅमची गोळी ४०० मीटर प्रति सेकंद वेगाने शिरते आणि आतच राहते. ठोकळा किती उंच चढेल? जी (गुरुत्वीय त्वरण) १० धरायचा.

लेकीने पहिल्यांदा ऊर्जेने केलं. गोळीची गतिज ऊर्जा (अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग) ८०० ज्यूल, ती सगळी उंचीत गेली, २ किलो गुणिले १० गुणिले उंची, म्हणून उंची ४० मीटर. मग मागचं उत्तर बघितलं तर २० सेंटीमीटर! संवेगाने केलं की बरोब्बर तेच येतं, संवेग ४, एकूण वस्तुमान २, म्हणजे वेग २ मीटर प्रति सेकंद आणि त्यावरून उंची ०.२ मीटर. क्लासमध्ये विचारलं तर "टक्कर दिसली की मोमेंटम लावायचं, एवढं लक्षात ठेव" म्हणाले. ती रडवेली होऊन म्हणते, आई ऊर्जा अक्षय्य असते हे पण नियमातच आहे ना, मग मी नियम पाळून चुकले कशी? मला उत्तर देता आलं नाही. प्लीज कोणीतरी नीट समजावून सांगा, नुसतं सूत्र नको.

टीपकागद

ताई, ४० मीटर म्हणजे बारा-तेरा मजली बिल्डिंग. १० ग्रॅमच्या गोळीने दोन किलोचा ओंडका तेवढा वर जाईल का हो? उत्तर आलं की आधी डोळ्यांसमोर आणून बघायचं, ही सवय लेकीला आत्तापासून लावा, अर्ध्या चुका तिथेच सापडतात.

ऊर्जा कुठे गेली ते सोपं आहे. टक्कर झाल्यावर ठोकळा आणि गोळी मिळून २ किलो, वेग २, म्हणजे गतिज ऊर्जा फक्त ४ ज्यूल. बाकीची ७९६ ज्यूल लाकूड फाडण्यात, गोळी चेपण्यात आणि मुख्य म्हणजे उष्णतेत गेली. ऊर्जा अक्षय्यच आहे, फक्त उंची चढवायच्या कामाला शिल्लक राहिली नाही. ७९६ ज्यूल खूप वाटतात पण तेवढ्यात पेलाभर पाणी जेमतेम एक डिग्रीने गरम होतं, म्हणून हात लावून कळत नाही इतकंच.

रानजाई

धन्यवाद टीपकागद, हे तिला वाचून दाखवलं. तिचा पुढचा प्रश्न जसाच्या तसा देते: "ऊर्जा उष्णतेत लपू शकते तर संवेग का नाही लपत? त्याला पण जाऊ दे ना थोडा उष्णतेत."

जुना मास्तर

रानजाई, तुमच्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. तीस वर्षं फिजिक्स शिकवलं, हा प्रश्न विचारणारी मुलं फार थोडी भेटली. तिने विचारलंय तर पूर्ण उत्तर द्यायला हवं, जरा लांबेल.

आधी लपण्याचं. उष्णता म्हणजे लाकडातल्या कणांची थरथर, कोणी डावीकडे कोणी उजवीकडे. संवेगाला दिशा असते, त्यामुळे या थरथरीतल्या सगळ्या संवेगांची बेरीज केली की डावे-उजवे एकमेकांना खोडतात आणि शून्य उरतं. ऊर्जेत वेगाचा वर्ग आहे, तिला दिशाच नाही, ती खोडली जात नाही तर साठत जाते. म्हणून थरथरीत ऊर्जा मावते आणि संवेग मावत नाही.

आता खरी गोष्ट. वही घ्या आणि गोळी लाकडात शिरते तो क्षण मोठा करून बघा. समजा गोळी १० सेंटीमीटर आत गेली. ४०० वरून जवळजवळ शून्यावर आली म्हणजे सरासरी वेग २०० धरा, १० सेंटीमीटरला वेळ लागला ०.०००५ सेकंद, अर्धा मिलिसेकंद. तेवढ्या वेळात गोळीचा संवेग ४ ने कमी झाला म्हणून बल आलं ४ भागिले ०.०००५, म्हणजे ८००० न्यूटन. हेच ८००० न्यूटन लाकडाने गोळीला मागे लावले आणि गोळीने लाकडाला पुढे लावले, न्यूटनचा तिसरा नियम.

पुढचं सावकाश वाचा. हे बल गोळीवर किती वेळ होतं? अर्धा मिलिसेकंद. लाकडावर किती वेळ? तेवढाच, कारण एकाने दुसऱ्याला धरलेलं असतं तोवरच दोघांना बल लागतं. बल गुणिले वेळ दोघांचं सारखं, म्हणून एकाने जितका संवेग गमावला तितकाच दुसऱ्याने कमावला.

पण अंतर? गोळी ८००० न्यूटनच्या विरोधात १० सेंटीमीटर सरकली, म्हणजे ८०० ज्यूल गमावले. तेवढ्यात ठोकळा किती सरकला? शून्यावरून २ च्या वेगावर आला, सरासरी १, गुणिले ०.०००५, म्हणजे अर्धा मिलिमीटर. ८००० गुणिले ०.०००५ मीटर म्हणजे ४ ज्यूल. बघा, तेच ४ ज्यूल आले! गोळीने दिले ८००, ठोकळ्याला पोचले ४, कारण वेळ दोघांचा एकच होता पण अंतर एक नव्हतं.

बल किती वेळ लावलं याचा हिशोब म्हणजे संवेग. बल लावून किती अंतर नेलं याचा हिशोब म्हणजे ऊर्जा. पहिल्या हिशोबात देणारा-घेणारा कायम जुळतात, दुसऱ्यात दोघं बरोबरीने सरकले तरच जुळतात. क्लासच्या "टक्कर दिसली की मोमेंटम" मागे एवढं सगळं आहे आणि मला वाटतं हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

उनाडवारा

मास्तर, अप्रतिम! इतकी वर्षं दोन वेगळी सूत्रं म्हणूनच डोक्यात होती.

थोडा इतिहास टाकतो कारण लेकीला धीर येईल. तिचा गोंधळ युरोपातल्या मोठमोठ्या लोकांना दोन पिढ्या पुरला होता. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या मते गतीचं खरं माप वस्तुमान गुणिले वेग, आणि १६८६ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने लेख लिहून सांगितलं की नाही, वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. १६८७ ला न्यूटनचं गतीच्या नियमांचं पुस्तक प्रिन्सिपिया आलं तरी हा वाद मिटला नाही. पुढे हॉलंडमध्ये ग्राव्हेसांडने पितळी गोळे वेगवेगळ्या उंचीवरून मऊ मातीत टाकले, वेग दुप्पट झाला की खड्डा दुप्पट नाही तर चौपट खोल! फ्रान्समध्ये एमिली द्यु शातले या विदुषीने १७४० च्या आपल्या पुस्तकात वर्गाची बाजू घेतली, प्रिन्सिपियाचं फ्रेंच भाषांतर करणारी पण हीच. मास्तरांच्या भाषेत सांगायचं तर खड्ड्याची खोली म्हणजे अंतराचा हिशोब, म्हणून तिथे वर्ग येतो. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या.

आणि तुमचं गणित पुस्तकी नाहीये. बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १७४२ मध्ये बंदुकीच्या गोळीचा वेग मोजला तो असाच टांगता ठोकळा वापरून, लंबक किती झुलला ते बघायचं आणि उलट हिशोब करत गोळीच्या वेगापर्यंत जायचं. त्याने ऊर्जेने केलं असतं तर वेग पार चुकला असता.

पांदण

माझी पण एक जुनी शंका इथंच विचारतो. आमच्याकडं घरी बैलजोडी होती, शाळेत सरांनी तिसरा नियम शिकवला की बैल गाडीला जेवढ्या जोरानं वढतो तेवढ्याच जोरानं गाडी बैलाला मागं वढते. मी म्हणलं मग गाडी हलते कशी, दोन्ही जोर कटले की. सरांनी गप बसवलं. आज पोराला तोच धडा आहे आणि तोच प्रश्न त्यानं मला विचारला.

जुना मास्तर

पांदण, तुमचा प्रश्न तेव्हाही रास्त होता. दोन बलं एकाच वस्तूवर असतील तरच कटतात. बैलाने लावलेलं बल गाडीवर आहे, गाडीने लावलेलं बैलावर. गाडी हलेल का हे ठरवताना फक्त गाडीवर काय काय लागतंय ते बघायचं, पुढे बैलाची ओढ, मागे चाकाचं आणि रस्त्याचं घर्षण. ओढ जास्त भरली की गाडी निघाली.

आता म्हणाल बैल कसा पुढे जातो, त्याला तर गाडी मागे ओढते. बैल खुरांनी जमीन मागे रेटतो आणि जमीन त्याला पुढे रेटते, हे बल गाडीच्या ओढीपेक्षा जास्त असेल तेव्हा बैल पुढे. तुम्ही चिखलात गाडी रुतलेली बघितली असेलच, बैलाच्या अंगात ताकद तीच असते पण खूर घसरतात, जमीन उलटा रेटा देत नाही म्हणून गाडी जागची हलत नाही.

म्हणून मी वर्गात सूत्र लिहू द्यायचो नाही. आधी एक वस्तू निवडा, तिच्याभोवती पेन्सिलने बंद रेघ काढा, आणि त्या रेघेबाहेरून आत कोण कोण हात लावतंय तेवढेच बाण काढा. आतल्या-आतले बाण काढायचे नाहीत. बैल आणि गाडी मिळून एकच रेघ काढलीत तर त्यांच्यातली ओढाताण आतली झाली, उरले फक्त जमिनीचे बाण.

पांदण

खूर घसरतात हे शंभर टक्के. आता पोराला सांगतो, चित्र काढूनच सांगतो.

धावतं घड्याळ

सगळं छान आहे पण मी जरा विरुद्ध बोलतो, राग मानू नका. मी सीईटीच्या (बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेच्या) मुलांना शिकवतो. फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट पण नाही. तिथे मुलगा रेघ काढत आणि अर्ध्या मिलिसेकंदाचा विचार करत बसला तर मागे पडणार. गोळी-ठोकळ्याचं तयार सूत्र पाठ असलेलं बरं, आणि कुठल्या प्रकारच्या गणिताला काय लावायचं याचा तक्ता पाठ असलेला अजून बरा. मुलांचं वर्ष पणाला लागलेलं असतं, ही माझी मनापासूनची काळजी आहे.

जुना मास्तर

काळजी खरी आहे, मी पण ती केली आहे. पण माझा अनुभव असा की वेळ खाल्ला जातो तो आकडेमोडीत नाही, कुठल्या वाटेने जायचं हे न ठरल्यामुळे. मूल एक वाट धरतं, अर्ध्यात अडतं, खोडतं, दुसरी धरतं. प्रश्नात सेकंद दिले किंवा विचारलेत? बल गुणिले वेळ. मीटर दिलेत? बल गुणिले अंतर. दोन वस्तू एकमेकींना भिडल्यात आणि मधलं बल माहीत नाही? दोघींभोवती एकच रेघ आणि संवेग. हे ठरवायला पाच सेकंद लागतात, फक्त वर्षभर तशी सवय हवी.

साधं उदाहरण घ्या. ताशी ३६ किलोमीटर वेगाची गाडी करकचून ब्रेक लावते, घर्षणांक ०.५, किती अंतरात थांबेल? अंतर विचारलंय. ३६ म्हणजे १० मीटर प्रति सेकंद. अर्धा एम व्ही वर्ग बरोबर घर्षण गुणिले अंतर, वस्तुमान दोन्हीकडून जातं, उत्तर १० मीटर. वेग ७२ केला तर ४० मीटर, ग्राव्हेसांडच्या खड्ड्यासारखं चौपट. आणि थांबायला वेळ किती लागेल असं विचारलं असतं तर संवेगाने, २ सेकंद आणि ४ सेकंद, फक्त दुप्पट. गाडी तीच, ब्रेक तेच, प्रश्न अंतराचा की वेळेचा एवढाच फरक.

धावतं घड्याळ

हे मान्य सर. सेकंद-मीटरवालं उद्याच वर्गात सांगतो. तक्ता मात्र मी ठेवणार, घाबरलेल्या मुलाला परीक्षेत तोच हाताशी असतो.

कारखाना शिफ्ट

नाइट संपवून आलो आणि धागा वाचत बसलो, झोप गेली. मी साखर कारखान्यात मेंटेनन्सला आहे, कन्व्हेअर बेल्ट रोजचाच. आम्हाला डिप्लोमाला एक गणित होतं ज्याचं उत्तर मला कधीच पटलं नव्हतं. बेल्ट २ मीटर प्रति सेकंदाने चाललाय, वरून दर सेकंदाला ५० किलो माल सरळ खाली पडतोय. बेल्टचा वेग कायम ठेवायला जास्तीचं बल किती? संवेगाने १०० न्यूटन. म्हणजे मोटरला जास्तीची पॉवर १०० गुणिले २, २०० वॅट. पण मालाला मिळणारी गतिज ऊर्जा दर सेकंदाला अर्धा गुणिले ५० गुणिले ४, म्हणजे १०० वॅटच. बाकीचे १०० वॅट कुठे गेले? सर म्हणायचे घर्षणात. मी म्हणायचो बेअरिंग एकदम भारी बसवली, तरी? ते म्हणायचे तरी. मला वाटायचं कुठेतरी गफलत आहे, बरोब्बर निम्मेच कसे जातात, कमी-जास्त का नाही.

आज मास्तरांचं अंतराचं वाचलं आणि पटकन कागद घेतला. माल बेल्टवर पडतो तेव्हा त्याला आडवा वेग शून्य असतो, तो बेल्टवर घसरत घसरत २ पर्यंत येतो. तेवढ्या वेळात माल सरासरी १ च्या वेगाने सरकला आणि बेल्ट पूर्ण २ ने. वेळ एकच, बल एकच, पण बेल्टने मालाच्या दुप्पट अंतर कापलं! म्हणून बेल्टने दिलेलं काम मालाला मिळालेल्याच्या दुप्पट. बेअरिंगचा संबंधच नाही, घसरणीतच निम्मे जातात, बेल्ट खडबडीत असो की गुळगुळीत. बरोबर आहे ना मास्तर? सतरा वर्षांनी पटलं.

जुना मास्तर

शंभर टक्के बरोबर आणि मी यापेक्षा चांगलं सांगू शकलो नसतो. बेल्टवर बसून बघितलंत तरी तेच दिसेल, तिथून माल २ च्या वेगाने उलटा येतो आणि थांबतो, त्याची सगळी गतिज ऊर्जा, दर सेकंदाला १०० ज्यूल, घासून उष्णता होते. आता झोपा तुम्ही.

रानजाई

काल रात्री लेक आणि मी दोघींनी मिळून बेल्टचं गणित केलं, तिने मला एकदाही विचारलं नाही. मग तिने स्वतःच पुढचं काढलं, ते लिहिते. कप्पीवरून दोरी, एका टोकाला ३ किलो, दुसऱ्याला २ किलो. आधी ती दोन्हीकडे ताण म्हणजे वजन असं लिहायची, एकीकडे ३० आणि दुसरीकडे २०, आणि एकाच दोरीत दोन ताण कसे म्हणून अडायची. आता दोन वेगळ्या रेघा काढल्या, ३० वजा ताण बरोबर ३ ए, ताण वजा २० बरोबर २ ए, त्वरण २ आणि ताण २४. मग म्हणाली, दोन्ही ठोकळे दोरीमुळे बरोबरीनेच सरकतात, म्हणजे इथे अंतर सारखं आहे, मग इथे ऊर्जा चालायला हवी. १ मीटर सोडला: एकीकडे ३० ज्यूल सुटले, दुसरीकडे २० लागले, १० उरले, अर्धा गुणिले ५ गुणिले वेगाचा वर्ग, वेग २. आणि त्वरणाने काढलं तरी वेग २! उड्या मारल्या तिने.

पण मग विचारते, इथे संवेग का नाही लावायचा?

टीपकागद

कारण रेघेबाहेरून हात लागतोय. गुरुत्वाकर्षण दोघांना मिळून ५० न्यूटनने खाली ओढतंय आणि दोरी दोघांना २४-२४ ने वर, ती कप्पी छताला अडकवली आहे. ५० वजा ४८, शून्य नाही, म्हणून संवेग बदलत राहतो.

गोळीच्या गणितात पण गुरुत्वाकर्षण होतंच की, असं ती नक्की विचारेल म्हणून आधीच सांगतो. २० न्यूटन वजन, पण फक्त अर्धा मिलिसेकंद, म्हणजे संवेगात फरक ०.०१, गोळीचा संवेग ४. सोडून दिला तरी चालतो. नंतर ठोकळा वर झुलतो तेव्हा मात्र त्याच २० न्यूटनला भरपूर वेळ मिळतो, म्हणून टक्कर संपली की संवेग सोडून ऊर्जा. एकाच गणिताचे दोन तुकडे, दोन्हींचे नियम वेगळे.

आणि घरी कॅरम असेल तर काढा. स्ट्रायकर १५ ग्रॅम, सोंगटी ५ ग्रॅम धरा. स्ट्रायकर २ च्या वेगाने समोरासमोर बसला तर? संवेग आणि ऊर्जा दोन्ही लिहून वर्गसमीकरण सोडवायची गरज नाही. ऊर्जा वाया न जाणाऱ्या टकरीत ज्या वेगाने दोघं जवळ येतात त्याच वेगाने लांब जातात, म्हणजे सोंगटी स्ट्रायकरपेक्षा २ ने जास्त. संवेग ३०, म्हणून स्ट्रायकर १, सोंगटी ३. ऊर्जा तपासली तर तीही जुळते. खऱ्या बोर्डावर थोडं कमी भरेल, आवाज होतो ना. धावतं घड्याळ, हे तुमच्या तक्त्यात टाकता येईल.

धावतं घड्याळ

टाकलं.

रानजाई

कॅरम काढला. सोंगटी स्ट्रायकरच्या कितीतरी पुढे पळते हे इतकी वर्षं बघतेय, ती तिप्पट का ते आज कळलं.

शेवटचं म्हणजे लेकीने स्वतः बनवलेलं गणित, तपासून द्या. तोच १.९९ किलोचा ठोकळा, पण गोळी आत न शिरता आदळून २०० च्या वेगाने उलटी फिरली. ठोकळा जास्त चढेल की कमी? मी आणि तिचे बाबा दोघं म्हणालो कमी, कारण गोळी तर ऊर्जा घेऊन परत गेली. ती म्हणाली जास्त. गोळीचा संवेग अधिक ४ वरून उणे २ झाला, म्हणजे ठोकळ्याला ४ नाही तर ६ मिळाला. वेग साधारण ३, उंची साधारण ४५ सेंटीमीटर.

जुना मास्तर

बरोबर आहे, ४५. बाबांना सांगा की परत जाणाऱ्या गोळीकडे २०० ज्यूल आहेत आणि ठोकळ्याकडे ९, म्हणजे ८०० मधले ५९१ अजूनही उष्णतेत गेलेच. तिला विचारा, गोळी उलटी जास्तीत जास्त किती वेगाने फिरू शकेल, आणि तेव्हा ठोकळा किती चढेल. घाई नाही, रविवारपर्यंत.

रानजाई

वही घेऊन बसली सुद्धा.